समीकरण विरुद्ध कोष्टक: चढ कोणाचा जास्त?

प्रश्न: पहिली रेषा ३क्ष + २य = १२. दुसरीचं नुसतं कोष्टक: क्ष २, ४, ८ असताना य ५, ९, १७. य आधी ४ने वाढतो, मग ८ने. ही सरळ रेषा तरी आहे का?

उत्तर: आहे. क्षची उडीही आधी २, मग ४ आहे ना! ४÷२ = ८÷४ = २, हाच चढ (क्ष १ने वाढला की य किती वाढतो ते). समीकरणात य एकटा करा: य = −१.५क्ष + ६. चढ −१.५, ३ नव्हे. क्षचा सहगुणक (क्षसमोरचा ३) तसाच उचलला की मार्क गेले.

दुसरं उत्तर: 'चढ जास्त' (चिन्ह धरून) आणि 'जास्त तीव्र' (चिन्ह सोडून) वेगळं. इथे दोन्हीत कोष्टकवालीच; पण पहिलीचा चढ −३ असता तर जास्त तीव्र ती ठरली असती.

प्रश्नकर्ता: य-अक्षावरचा छेद, म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला य? कोष्टकात क्ष = ० नाहीच.

उत्तर: क्ष = २ वरून ० पर्यंत मागे चला: ५ − २×२ = १. पहिलीचा ६.