माहितीपटात नट आला की तो माहितीपट राहतो का?

रानवाट:
बीबीसीच्या ‘मॉनिटर’ (१९५८ ते १९६५) या कलाविषयक मालिकेतला, केन रसेल यांनी संगीतकार एडवर्ड एल्गर यांच्यावर केलेला १९६२ सालचा भाग नुकताच पाहिला. (नाव ऐकून आपल्याला रणघोष आठवतो, पण गृहस्थ इंग्रज.) आरंभीच एक मुलगा पांढऱ्या तट्टावरून मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर दौडतो आणि मागे एल्गर यांचीच तंतुवाद्यांची रचना वाजत राहते. दृश्य मनातून जात नाही. पण तो मुलगा म्हणजे लहानपणीचे एल्गर साकारणारा नट आहे. मग याला माहितीपट कशाच्या आधारे म्हणायचे?

टाकसाळ:
आपली शंका रास्त आहे. मालिकेचे संपादक ह्यू व्हेल्डन यांनाही खऱ्या व्यक्तीच्या जागी नट उभा करणे मान्य नव्हते. आदल्या वर्षीच्या, रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हवरील भागात नटाचे हात आणि गढूळ पाण्यातले प्रतिबिंब, एवढ्यावरच भागवावे लागले होते. एल्गरच्या वेळी नटांना परवानगी मिळाली, पण बोलायचे नाही या अटीवर; त्यामुळे एल्गर बहुतेक वेळा दुरून, चालताना किंवा सायकलवर दिसतात आणि सांगण्याचे काम निवेदन व संगीत करते. ही अट रसेल यांच्या पथ्यावरच पडली, असे मला वाटते. संवाद असते, तर एल्गर यांच्या तोंडी कुणाची तरी वाक्ये आलीच असती.

शाईपेन:
टाकसाळ, इथे मी असहमत आहे. ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ या एल्गर यांच्या प्रसिद्ध लष्करी संचलन-संगीताच्या डौलदार सुरावटीवर रसेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांची जुनी दृश्ये लावली आहेत. त्या तुकड्यात नट नाही, दृश्ये अस्सल, संगीतही एल्गर यांचेच. तरीही त्या जोडणीतून निघणारा कडवटपणा एल्गर यांचा किती आणि रसेल यांचा किती, हे प्रेक्षकाला कळत नाही. नटाला तर आपण नट म्हणून ओळखतो.

कलावंत हयात असला तरी हा पेच सुटत नाही. ‘साउथ बँक शो’ या ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या कलाविषयक मालिकेच्या १९८५ मधल्या भागात चित्रकार फ्रान्सिस बेकन आणि मुलाखतकार मेल्विन ब्रॅग उपाहारगृहात रेड वाइन पीत बसतात आणि दोघांचीही जीभ सैल होत जाते. सगळे खरे आहे, पण कॅमेऱ्यासमोर मांडलेल्या टेबलावरचे.

रानवाट:
महायुद्धाचा तो तुकडा पाहताना माझे डोळे पाणावले होते, हे कबूल करतो. आज रात्री तेवढाच भाग आवाज बंद करून पुन्हा पाहीन.