जहाजावरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र अडवलं, तर भुसावळला त्याचा उपयोग किती?

केळीवाला_रावेर
रामराम मंडळी. केळीची गाडी भरायला माणसं यायची होती, तोवर मेहुण्याशी वाद झाला. तो इथे आणतोय. आमच्या भागात भुसावळचं जंक्शन, आयुधनिर्माणी भुसावळला एक आणि वरणगावला एक. मे २०२५ मध्ये ब्लॅकआउटच्या बातम्या आल्या तेव्हा घरात आजीपासून पोरांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, आपल्यावर पडलं तर? मेहुणा म्हणतो, २१ एप्रिल २०२३ ला डीआरडीओ आणि नौदलाने ओडिशाच्या किनाऱ्याजवळ बॅलिस्टिक, म्हणजे दगडासारखं उंच फेकलं जाऊन खाली येणारं क्षेपणास्त्र वाटेत अडवणारं क्षेपणास्त्र समुद्रातून डागून दाखवलं. आता दोन विनाशिका अरबी समुद्रात उभ्या केल्या की खान्देशापर्यंत छत्री उघडली. मला पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येईना. अमेरिकेसारखं वातावरणाबाहेर मारणारं जहाजावर घ्यायचं, आपलं खालच्या उंचीवर मारणारं बसवायचं, की जहाजांचा नाद सोडून पैसा जमिनीवर लावायचा? पैज भरीत-पुरीची आहे, तेव्हा जरा नीट सांगा.

चाळीसगाव_लोकल
सोपं आहे. हतनूरच्या धरणात उभी करा विनाशिका, भुसावळ हाकेवर. भरीत मला.

फिजिक्सवाले_सर, अमळनेर
अकरावीचं प्रोजेक्टाइलचं गणित लावा. हवेचा विरोध आणि पृथ्वीची वक्रता सोडून देऊ, अंदाजाला पुरतं. सिंधमधून भुसावळ साधारण ९०० किलोमीटर. ४५ अंशांत फेकलं तर वेग सेकंदाला जवळपास ३ किलोमीटर लागतो, सर्वोच्च बिंदू २२५ किलोमीटरवर येतो आणि सगळा प्रवास सात मिनिटांत उरकतो.

गंमत पुढे आहे. या सात मिनिटांपैकी पाच मिनिटांहून जास्त वेळ ते १०० किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळपास वातावरणाबाहेर असतं. आणि शेवटची ३० किलोमीटर उंची? १४-१५ सेकंद! म्हणजे वर मारणाऱ्याला मिनिटं मिळतात, खाली मारणाऱ्याला सेकंद. पोरांना वर्गात हे गणित दिलं तर मागच्या बाकावरचेही जागे होतात.

मग सगळ्यांनी वरच का मारू नये? कारण वर हवा नाही. तिथे फसवायला सोडलेली फुगवलेली हलकी नकली टोकं आणि खरं स्फोटक टोक एकाच वेगाने शेजारी-शेजारी जातात, कोणतं खरं हे ओळखणं कठीण. वातावरणात शिरलं की हवा आपोआप पाखडते, हलकं मागे राहतं, जड पुढे येतं. सुपात जसं धान्य आणि भूस.

नाना_पाचोरा
सरांनी गणित केलं, आता मी जहाजाचं सांगतो. पंधरा वर्षं नौदलात होतो, रडार प्लॉटर, म्हणजे रडारवर दिसेल ते टिपणारा. इकडे मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर तापायचं आणि आम्ही ऑप्स रूममध्ये जर्सी घालून पडद्यासमोर. यंत्रं थंड राहिली पाहिजेत, माणसाचं कोण विचारतं. २०१२ ला निवृत्त झालो, आता कापूस करतो. आजच्या जहाजांबद्दल जे छापून आलंय तेवढंच बोलेन.

भाऊ, तुम्ही क्षेपणास्त्र कोणतं हे विचारताय. आधी विचारायचं, जहाज उभं कुठे राहणार? ज्वारीच्या शेतात माळा कुठे बांधला त्यावर गोफणीचा दगड कुठवर जाईल ते ठरतं. २०२३ ची चाचणी वातावरणाच्या आत मारणाऱ्या क्षेपणास्त्राची होती. असलं क्षेपणास्त्र स्वतःच्या आसपासचंच राखतं. मुंबईसमोर उभं राहून मुंबई राखेल, सुरतेसमोर सुरत. जळगाव सुरतेपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर, भुसावळ त्याच्याही पुढे. तिथली शेवटची १५ सेकंदं समुद्रातून कोणी पकडू शकत नाही. त्यातून खंबातच्या आखातात वाळूचे दांडे आणि भरती-ओहोटी इतकी जबरदस्त की कोणताही कॅप्टन मोठं जहाज तिथे आत नेऊन उभं करणार नाही. म्हणजे आणखी बाहेर. तुमचा मेहुणा इथे हरला.

वातावरणाबाहेर मारणारं, म्हणजे अमेरिकेचं एसएम-३, हे मात्र जहाज बाजूला उभं असलं तरी येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या अंगावर जाऊ शकतं. त्यात स्फोटक नसतं, थेट धडक देतं. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘लेक एरी’ या क्रूझरने याच जातीच्या क्षेपणास्त्राने जवळपास २५० किलोमीटर उंचीवरचा बिघडलेला उपग्रह फोडला होता. खऱ्या लढाईत पहिल्यांदा वापरलं एप्रिल २०२४ मध्ये, इराणने इस्राएलवर मारा केला तेव्हा. चालतं, यात शंका नाही. पण नव्या प्रकारातलं एक नग अडीच कोटी डॉलरच्या पुढे जातो. आणि एका सेलमध्ये, म्हणजे जहाजावरच्या क्षेपणास्त्र डागायच्या उभ्या कप्प्यात, एकच बसतं.

या सेलचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आपल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकेला बराक या हवाई हल्ला अडवणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी ३२ सेल आहेत. अमेरिकेच्या बहुतेक बर्क विनाशिकांना ९६. तुम्ही जितके सेल भुसावळसाठी द्याल तितके जहाजाच्या स्वतःच्या जिवासाठी कमी. समुद्राला चिकटून येणारं क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे २५-३० किलोमीटरवर आल्यावरच रडारला दिसतं, त्यासाठी हाताशी काही नको का? ओटीतले दगड संपले की राखणदार घरी जाऊन भरून आणतो. जहाजालाही बंदरात यावं लागतं, भर समुद्रात हे सेल भरण्याचे प्रयोग अमेरिकेतही आत्ता कुठे चालू आहेत.

शिवाय असं जहाज खुंटीला बांधलेल्या बैलासारखं. ठरलेल्या चौकोनातून हलायचं नाही, पाणबुडीच्या मागे जायचं नाही. एक जागेवर, एक वाटेवर, एक डागडुजीला, म्हणजे एका ठाण्यासाठी तीन जहाजं धरा. २०१८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे नौदलप्रमुख जॉन रिचर्डसन यांनीच जाहीरपणे सांगितलं होतं की हे पहाऱ्याचं काम जहाजांकडून काढून जमिनीवर न्यावं.

जपानची गोष्ट मात्र उलटी. त्यांनी अमेरिकन जहाजांवरची हीच एसएम-३ ची यंत्रणा जमिनीवर बसवायचं ठरवलं आणि जून २०२० मध्ये थांबवलं, कारण डागल्यावर गळून पडणारा बूस्टर, म्हणजे सुरुवातीला ढकलणारं रॉकेट, वस्तीत पडणार नाही याची खात्री देता येईना. आता ते त्यासाठी दोन खास जहाजं बांधताहेत. पण जपान चारी बाजूंनी समुद्रात. आपल्याकडे देश एवढा मोठा आतपर्यंत पसरलेला.

माझं मत: भुसावळ, वरणगावसाठी जमिनीवरच. जहाजावरचं आपलं नवं क्षेपणास्त्र ताफा आणि किनाऱ्यावरची शहरं यांच्यासाठी.

केळीवाला_रावेर
नाना, मानलं. पण ताफ्यालाही मग एसएम-३ सारखंच का नको? पाच मिनिटं मिळतात म्हणतात सर.

फिजिक्सवाले_सर, अमळनेर
नानांच्या आधी मी. पाकिस्तानी नौदलाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जहाजावरून डागायच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी जाहीर केली, पल्ला ३५० किलोमीटर. तेच गणित: सर्वोच्च उंची ९० च्या आत, वेळ साडेचार मिनिटं. ते १०० किलोमीटरच्या वर जातच नाही! वातावरणाबाहेर मारणाऱ्याला तिथे भेटणार कोण?

नाना_पाचोरा
बरोबर. म्हणून अमेरिकन जहाजं एसएम-३ च्या जोडीला एसएम-६ ठेवतात, ते खालच्या उंचीवर फुटून मारतं. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ पासून जहाजांवर बॅलिस्टिक सोडायला सुरुवात केली, तिथे कामाला आली ती असलीच. आपल्या ताफ्याला आधी हीच जात हवी.

चाळीसगाव_लोकल
आणि ते ‘ध्रुव’ जहाज? दोन-तीन वर्षं बातम्यांत होतं.

नाना_पाचोरा
आयएनएस ध्रुव सप्टेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झालं. क्षेपणास्त्रांचा मागोवा घेणारं जहाज आहे ते, मारणारं नाही. पण खान्देशाला समुद्राकडून खरा फायदा झालाच तर असल्या डोळ्याचाच. लांबून आधी दिसलं तर जमिनीवरच्या अडवणाऱ्या क्षेपणास्त्रांना मिनिटभर जास्त मिळतं, आणि सातातलं एक मिनिट म्हणजे बरंच झालं. केळीवाले, भरीत मेहुण्याकडून वसूल करा, पण वांगी बामणोदचीच घ्या. चला, थ्री-फेज आली, मोटर चालू करतो.