तळपायाचं ‘कुरूप’ आणि ‘अ‍ॅक्रल’ : अर्थ काय?

विचारणा : आई ६४ वर्षांची, राहायला करवीर तालुक्यात. तळपायावर काळा डाग वाढतोय. गल्लीत कुणी मस म्हणतं, कुणी कुरूप. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलानोमा’ लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय. कातडीचा कॅन्सर उन्हानं होतो ना? तळव्याला कुठलं ऊन?

उत्तर : दादा, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून फक्त संशय आहे. बायोप्सीशिवाय, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, काही पक्कं होत नाही, पण ती लांबवू नका.

‘अ‍ॅक्रल’ म्हणजे शरीराच्या टोकांचा: तळहात, तळपाय, नखाखालची जागा. ‘लेंटिजिनस’ म्हणजे वरच्या कातडीच्या तळाशी ओळीनं पसरणारा. मेलानोमा हा रंग तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. याच्या या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत मेलानोमा मुळात कमी, पण झालाच तर बऱ्याचदा तळव्याला, तोही बहुधा उतारवयात. अपवाद असतातच: जमैकाचा गायक बॉब मार्ली, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला आणि १९८१ साली ३६व्या वर्षी तो गेला.

कुरूप चपलेच्या दाबाच्या जागी होतं, कडक आणि पिवळट असतं. काळा रंग वेड्यावाकड्या कडांनी पसरत असेल तर त्याला कुरूप म्हणू नका, आणि घरी ब्लेडनं तर अजिबात कापू नका. नखावरची काळी उभी रेघ रुंदावत शेजारच्या कातडीवर उतरली, तर तेही नखुरडं नव्हे.

उन्हाचं तुम्ही म्हणता ते ‘बेसल सेल’ या कातडीच्या दुसऱ्या कर्करोगाला लागू पडतं. साठीनंतर, नाकावर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात. सावकाश वाढतो, दूर क्वचितच जातो. आपल्याकडे तो काळपट दिसतो म्हणून तीळ समजून सोडून देतात.

आणखी एक : ‘स्क्वेमस सेल’ हा तिसरा प्रकार राहिला. भारतात कातडीच्या कर्करोगांत हाच जास्त आढळतो, आणि जुन्या भाजल्याच्या व्रणातूनही उठतो. आपल्या गुऱ्हाळांवर उकळत्या रसानं पोळलेले पाय किती असतील! लहानपणी पोळलेली कातडी पन्नाशीत चिघळते, कडा जाड होतात, जखम भरत नाही. याला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. गावात मात्र वर्षभर हळद भरत बसतात, याचं फार वाईट वाटतं. कमरेवर धोतर वर्षानुवर्षं काचून होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईचे कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्ये केली होती. नऊवारीच्या गाठीखालीही तो होतो, तेव्हा आज्जीची कमरही बघा.

विचारणा करणारा : आभार. आई नको म्हणतीय, पण सोमवारी बायोप्सीला घेऊन जातोय.