तैलरंगात वाळवंट: वाळू हळदीसारखी दिसतेय, मदत हवी आहे

नमस्कार. मी साताऱ्याची. जलरंगात बरीच वर्षं काम करतेय, तैलरंगाला मात्र यंदाच हात लावला.

माझे वडील, आबा, फौजेत होते. तरुणपणी दोन वर्षं जैसलमेरच्या बाजूला होते. आता प्रवास झेपत नाही, म्हणून दसऱ्याला ते वाळवंट त्यांच्या खोलीत लावायचं ठरवलंय. १८ बाय २४ इंचाचा कॅनव्हास, दिवस मावळतानाची वेळ, तीन टेकड्या. उंट घालू का विचारलं तर नको म्हणाले, "आम्ही वाळूच बघायचो."

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत भाच्याने काढलेले फोटो समोर आहेत, पण मोबाईलने सगळं नारिंगी केलंय. मी क्रोम यलो आणि पांढरा घेतला, सावलीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि काळा. आबा कॅनव्हासपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही सांगलीच्या यार्डातली हळद झाली गं. वाळूची सावली निळी असते." मग परातीत रवा ओतला, एका बाजूने फुंकर मारत टेकडी केली आणि खोलीतला दिवा घालवून बाजूने बॅटरी धरली. त्या रव्याला जी कड आली ना, विळ्यासारखी, ती मला कॅनव्हासवर आणता येत नाहीये.

माण-खटावचा उन्हाळा मी खूप रंगवलाय. तिथे मुरूम, खडक, बाभळ, नजरेला धरायला काहीतरी असतं. इथे नुसता चढ आणि उतार. औंधच्या संग्रहालयात जाऊन रविवर्म्याची तैलचित्रं जवळून पाहून आले. अंगावरच्या सावल्यांतही किती रंग आहेत! पण ते वाळूत कसं उतरवायचं?

दुसरी काळजी पावसाची. पहिला थर दहा दिवस झाले तरी बोटाला लागतोय. हेअर ड्रायर चालेल का?

प्रतिसाद

ताई, आबा बरोबर सांगतायत. सावलीतल्या वाळूवर सूर्य पडत नाही, पण वरचं आकाश पडतं, म्हणून ती निळसर. काळा रंग पॅलेटवरून काढूनच टाका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, थोडा पांढरा. सावलीच्या तळाशी, जिथे समोरच्या उजळ वाळूचा उजेड परततो, तिथे सिएना जरा वाढवा. उन्हातल्या वाळूला क्रोम नको. यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा आणि सिएनाचा अगदी कण.

कड येत नाही कारण तुमचे दोन्ही उतार सारखे झाले असावेत. वाऱ्याकडची बाजू लांब, निवांत चढते. पलीकडची साधारण ३४ अंशांवर घसरते, त्याहून उभी कोरडी वाळू टिकतच नाही. धार फक्त त्या माथ्यावर ठेवा, बाकी सगळ्या कडा कोरड्या ब्रशने मऊ करा. वाळूवरच्या बारीक लाटा पुढच्या टेकडीवरच काढा.

ड्रायर नको. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. वरून तापवलं तर साय धरते आणि आत ओलं राहतं. पंखा आणि खिडकीचा उजेड पुरे. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. उलटं केलंत तर पुढे तडे जातील. टायटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो, तो खाली जाड लावलाय का?

धागाकर्ती

हो, जाडच लावलाय, आणि तेलही पहिल्याच थरात घातलं. पॅलेट नाइफने तेवढा भाग खरवडून काढलाय, उद्या सिएनाच्या पातळ हातापासून पुन्हा सुरुवात. निळी सावली कागदावर करून आबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि विचारलं, "वारा कुठून दाखवणार आहेस? आमच्याकडे उन्हाळ्यात नैऋत्येचा असायचा." आता टेकड्यांची तोंडं ठरवण्याआधी हे विचारायचंय: सूर्य पश्चिमेला आणि वारा नैऋत्येचा धरला, तर उभा उतार पूर्णपणे सावलीत जाईल ना?