गड्डा आणि शेतात तंबू: लेकरांना घेऊन दोन रात्री जमतील का?

माहेर_बाळीवेस
सोलापुरात बाळीवेशीत वाढले, गेली चौदा वर्षं पुण्यात. यंदा मुलांना (थोरला ११, धाकटी ६) गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, दाखवायचाच. त्यांची जत्रा म्हणजे मॉलमधला गेम झोन. कार्ड घासा, गाडी हलते, संपलं. मला त्यांना होम मैदानावरच्या आकाशपाळण्यात बसवायचंय. वर गेलं की इकडे सिद्धेश्वराचं तळं, तिकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज, आणि खालून भज्यांचा वास.

हॉटेल नको. मामाचं शेत बोरामणीकडे आहे, ज्वारी हुरड्यावर आलीय. नवऱ्याच्या ट्रेकचा तंबू आहे, अजून एक भाड्याने आणू. दिवसा शेत, संध्याकाळी गड्डा, रात्री परत तंबूत. मामी विचारते, "घर असताना बाहेर का गं झोपता, भांडलात का?"

कधी यावं? धाकटी गर्दीला घाबरते. आणि पाळण्यांची नवऱ्याला फार धास्ती. त्याचं गाव कोकणात, त्याला गड्डा म्हणजे रस्त्यातला खड्डा वाटला होता.

कडक_भाकरी
ये की बे! (ताई, राग मानू नका, आमच्यात आजीलापण बे म्हणतात.) गाडी होम मैदानाजवळ आणूच नका, लांब लावून चालत या. आणि मुलांना फुगे फोडायच्या बंदुकीपासून लांब ठेवा, नळी वाकडी असती. मी शंभर रुपये घालवून एक कंगवा जिंकलाय.

रिटायर_फिटर
मी तीस वर्षं गिरणीत फिटर होतो. गड्ड्यात गेलो की माझी नजर आधी पाळण्याच्या बुडाकडं जाते. घरचे वैतागतात.

तारखांचं आधी. १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ ला संमती कट्ट्यावर अक्षता (सिद्धेश्वराचं लग्नच ते), १५ ला होम, १६ ला शोभेचं दारूकाम, १७ ला कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं. अक्षतेला सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "बोला हर्र"चा गजर, तू बाळीवेशीतली, तुला काय सांगायचं. पण सहा वर्षांची पोर त्या गर्दीत नको. विधी १७ ला संपतात, पाळणे पुढंही चालू असतात. १८ नंतरचा, शनिवार-रविवार सोडून कुठलाही दिवस धर. पाचला आत, आठच्या आत बाहेर. त्यानंतर अख्खं सोलापूर जेवूनखाऊन येतं.

आता पाळणा. तिकीट काढायच्या आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघ. चांगला पाळणेवाला माणसं ओळीनं भरत नाही. एक डबा भरला की चाक अर्धं फिरवतो आणि समोरचा भरतो, म्हणजे दोन्हीकडचं वजन सारखं राहतं. सगळी माणसं एकाच अंगाला बसवली की ती बाजू खाली ओढते, चाक सुटताना हिसका देतं आणि मोटार कण्हते. तो आवाज ऐकू आला की पुढं चाल. दुसरं, डब्याच्या दाराची खीळ. खिळीच्या भोकात पिन पाहिजे. पिनेच्या जागी तारेचा तुकडा पिळलेला दिसला तर उतर, पैसे गेले तरी चालतील. मी नातवाला असंच एकदा उतरवलं, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि रंगाला भुलू नको. ताज्या रंगाखाली तडा लपतो.

मौत का कुआं जरूर दाखव. कठड्याला रेलू देऊ नको एवढंच. मोटरसायकल वर आली की फळ्या थरथरतात, ते पायाच्या तळव्याला कळतं. थोरला विचारेल, पडत कसा नाही? सांग त्याला, गाडी सारखी वळत असते म्हणून भिंतीवर दाबली जाते, त्या दाबानं टायर फळीला धरून राहतं. वेग उतरला की धर सुटली. म्हणून तर आधी खालच्या उतारावर चकरा मारून वेग घेतात, मग भिंत चढतात.

शेतकरी_बाई
गड्ड्याचं काकांनी सांगितलं, मी तंबूचं सांगते. मामांना विचारा, शेतीची लाईट रात्रीची आहे की दिवसाची. रात्रीची असेल तर पाणी रात्रीच सोडतात, पाटाच्या खालच्या अंगाला तंबू नको. पहाटे दव पडतं, चपला आत घ्या. आगटीजवळ मुलांना नायलॉनचे जॅकेट घालून बसवू नका, ठिणगी उडते. हुरड्याला शेंगाचटणी घरची न्या.

माहेर_बाळीवेस
जाऊन आलो! १९ आणि २० दोन्ही संध्याकाळी गड्डा.

लाईटचं वाचलं होतं, मामाला विचारायचं राहिलं. रात्री दोनला मामाने कांद्याला पाणी सोडलं, पाट फुटला. नवरा झोपेत म्हणाला, "पाऊस आला." उरलेली रात्र मामीच्या पडवीत काढली. मामी काही बोलली नाही, फक्त सकाळी चहा देताना हसली. दुसऱ्या रात्री तंबू चढावर, लिंबाखाली. हात काळे होईपर्यंत हुरडा खाल्ला. धाकटीला कणीस चोळून दाणे काढायला जमेना, मामा तळहातावर चोळायचा, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि गरम दाणे तिच्या ओंजळीत ओतायचा.

गड्ड्यात पडद्यामागे उभं राहून फोटो काढला. पडद्यावर विमान, खिडकीच्या जागी भोकं, त्यातून आमची चार तोंडं. नवऱ्याचं भोक उंच होतं, तो टाचा वर करून उभा.

काका, पहिला पाळणा सोडला. हिसका बघून थोरल्यानेच सांगितलं. दुसऱ्यावर धाकटी डब्यात बसली आणि पाळणेवाल्याला म्हणाली, "पिन दाखवा." मागे रांग थांबलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं. तो वाकला, खीळ वळवली, पिन तिच्या नाकासमोर आणली. म्हणाला, "ही बघा मॅडम. बसू आता?"