मदत हवी आहे: सेकंड हँड एर्टिगा, शनिवारी टोकन द्यायचंय, साडेसहा लाखांत बसेल का?

वर्तकनगर_पश्चिम: नमस्कार मंडळी. एर्टिगा (मारुतीची सात सीटची) बघितलीय, सीएनजी, कंपनी फिटेड. मालक सव्वासहावर अडून बसलाय, माझ्याकडे साडेसहा आहेत. शनिवारी टोकन नाही दिलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. घ्यावी का? लवकर सांगा.

खारेगाव_खाडी: कुठल्या सालची? किती चाललीय? कितवा मालक? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वर्तकनगर_पश्चिम: २०१७, ७८ हजार किमी, पहिलाच मालक, एमएच ०४.

ऐरोलीकर४३: वॅगनआर घ्या. माझी २०१९ ची आहे, आजवर रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही. पार्किंगला सुटसुटीत, पार्ट स्वस्त. एवढं मोठं धूड कशाला?

वर्तकनगर_पश्चिम: आम्ही सहा जण आहोत. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना उंच चढता येत नाही.

ऐरोलीकर४३: मग हे आधी सांगायला हवं होतं. तरी दोन फेऱ्या परवडतात, विचार करा.

नौपाड्याची_सून: दादा, साडेसहा हातात असतील तर गाडीला साडेपाच-पावणेसहाच्या वर देऊ नका. आम्ही होते नव्हते ते सगळे पैसे किमतीतच घातले आणि पुढे हात पसरायची वेळ आली. पहिल्या तीन महिन्यांत चार टायरना २२ हजार, बॅटरीला साडेपाच, क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनला मिळून १९ हजार. विम्याचं तर आम्हाला माहीतच नव्हतं. जुन्या मालकाला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) होता, आम्ही समजत होतो तो गाडीबरोबर येतो. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. शेवटी नणंदेकडून उसने घेतले. आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्या, आज-उद्या करू नका.

माळशेज_मार्गे: सहा जण आणि सीएनजी? तिसऱ्या सीटमागे टाकी असते, डिकीत दोन पिशव्या जेमतेम मावतात. गावी कुठे जाता?

वर्तकनगर_पश्चिम: जुन्नर. महिन्यातून एकदा.

माळशेज_मार्गे: मग डिझेलच बघा. घाटात सहा माणसं आणि वर सामान म्हटलं की सीएनजी दम टाकते.

खारेगाव_खाडी: डिझेल दहा वर्षांनी बंद करतात ना? कशाला लोकांना खड्ड्यात घालता?

माळशेज_मार्गे: तो नियम दिल्ली परिसरातला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पुढे वाढते. अर्धवट ऐकून घाबरवू नका.

घोडबंदर_रोज: गायमुखच्या घाटात दीड तास अडकून हे वाचतोय. इथे डिझेल काय आणि सीएनजी काय, सगळी सारखीच उभी आहेत. आधी रस्ता नीट करा म्हणावं.

ऐरोलीकर४३: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय. त्या हिशेबाने जुनीचाही भाव पाडा.

खारेगाव_खाडी: १८ टक्के चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना. एर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आहे, तिला ४० टक्के. चुकीच्या आकड्यावर घासाघीस करायला गेले तर मालक दारातूनच परत पाठवेल.

कळव्याचा_मेस्त्री: भावाचं नंतर. माझ्याकडे रोज गाड्या येतात, म्हणून सांगतो. आधी टाकीचं बघा. सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते. मुदत गेली असेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात, आणि जिवाचा प्रश्न आहे तो वेगळाच. मग मागच्या सीटचे बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढा. गाडी पुरात बुडालेली असेल तर सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची तांबूस रेघ राहते. सीटच्या खालचे रूळ आणि स्टेपनीची जागाही हाताने चाचपा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नवे धरूनच भाव बोला. आणि सकाळी इंजिन थंड असताना जा. मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका.

नौपाड्याची_सून: परिवहनच्या साइटवर नंबर टाकून कर्ज बाकी आहे का तेही बघा. असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा) हातात आल्याशिवाय टोकन नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर मालकाच्या सह्या. ई-चलन किती थकलंय तेही.

वर्तकनगर_पश्चिम: आज सकाळी सातला जाऊन आलो. बेल्ट सगळे ओढले, स्वच्छ आहेत. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. टायर २०१८ चे. टाकीची शेवटची टेस्ट २०२० ची निघाली. मालकाला टेस्टच्या तारखेची प्लेट दाखवली तर म्हणाला, पंपावर कोणी विचारतच नाही. वडिलांना मधल्या सीटवर बसवून बघितलं, दोन वेळा चढले-उतरले, हात न धरता. पावणेसहा सांगितले, टेस्ट आणि बँकेचं नाव काढणं त्याच्याकडे. तो सहावर आलाय. डिकीचं खरं आहे, कॅरिअर लावावं लागेल. त्याचे किती धरू?

कळव्याचा_मेस्त्री: टेस्टचा कागद हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. दुसरं गिऱ्हाईक आलं तर येऊ दे. कॅरिअरचं गाडी घेतल्यावर बोलू.