अंगाने खेळलं की पोरखेळ आणि अंगठ्याने खेळलं की खरा गेमर?

परळ_पाचवा_मजला:
काल या गेमिंग फोरमवर एकाने लिहिलं, "मोशन कंट्रोल हा पोरखेळ होता आणि व्हीआर त्याचाच महागडा भाऊ. खरा गेमर दोन अंगठ्यांवर खेळतो." मोशन कंट्रोल म्हणजे हात-अंग हलवून खेळणं, व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळणं. झोपायच्या आधी वाचलं आणि झोप गेली.

आमच्याकडे वी, म्हणजे निन्टेन्डोचा रिमोट हलवून खेळायचा गेम कन्सोल, आली २००९ मध्ये, मामाने दुबईहून आणली. त्याआधी आईच्या हातात मी एकदा कंट्रोलर दिला होता. तिने उलटसुलट करून पाहिला आणि "तुमचं तुम्ही खेळा" म्हणून परत केला. वी स्पोर्ट्समधलं बोलिंग तिला शिकवावंच लागलं नाही. हात मागे, हात पुढे, बटण सोडलं, बॉल गेला. दुपारची भांडी आवरली की शेजारच्या दोन मावश्या यायच्या आणि तिघी पदर खोचून उभ्या राहायच्या.

पावसाळ्यात उंदराने सेन्सर बारची, म्हणजे वीसोबत टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीची, वायर कुरतडली. त्या पट्टीत सेन्सर नसतोच. दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात आणि ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतो, म्हणून देवघरातली दोन निरांजनं टीव्हीसमोर वीतभर अंतरावर लावून पाहिली. रिमोटने हलणारा स्क्रीनवरचा पंजा लगेच हलायला लागला. आई आधी देवाच्या वस्तूंवरून मला बोलली, मग मावशीची पाळी होती तिला रिमोट दिला.

जगात १० कोटींच्या वर वी विकल्या गेल्या. त्या कुणी घेतल्या? ज्यांना तुमच्या अंगठ्यांच्या जगात कधी कुणी बोलावलंच नाही, त्यांनी. त्यांच्या खेळाला पोरखेळ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

अंगठेबहाद्दर:
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. सुरुवातीच्या वी रिमोटमध्ये फक्त ॲक्सेलरोमीटर होता. हात किती जोरात हलला ते त्याला कळायचं, मनगट कसं वळलं ते धड कळायचं नाही. वळणं मोजणारा जायरो सेन्सर आला २००९ मध्ये, मोशनप्लसची वेगळी डबी खाली लावून. तोवर सोफ्यावर रेलून मनगट झटकलं तरी स्ट्राइक पडायचा, म्हणजे बोलिंगच्या सगळ्या पिना एका फटक्यात आडव्या. याला खेळात बुडणं म्हणायचं?

बुडणं कसं असतं ते सांगतो. चर्चगेटहून विरार फास्ट, दाराजवळ उभा, हातात गेम बॉय, म्हणजे हातात धरायचा छोटा गेम, त्यात टेट्रिस. उतरायचं अंधेरीला. डोकं वर केलं तेव्हा बोरिवली. हिरवट रंगाचा एवढासा पडदा आणि वरून पडणारे चौकोन. ना हेल्मेट, ना हातवारे. लक्ष लागलं की माणूस बुडतो, त्याला कवायत लागत नाही.

आणि किनेक्टचं, मायक्रोसॉफ्टच्या अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, काय झालं? २०१० मध्ये "तुम्हीच कंट्रोलर" म्हणून आला. २०१३ मध्ये त्यांच्याच एक्सबॉक्स वन कन्सोलबरोबर सक्तीने गळ्यात मारला, वर्षभरात पुन्हा वेगळा केला, २०१७ मध्ये उत्पादन बंद. लोकांनीच निकाल दिला.

दहा_बाय_बारा:
दोघंही मूळ मुद्द्याला हात लावत नाही आहात. जागा! किनेक्टसमोर एकट्याला सहा फूट लागायचे, दोघांना आठ. लालबागला आमची खोली दहा बाय बारा. त्यात कपाट, दिवाण, शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवलेली घडीची खाट. टीव्हीपासून सहा फूट मागे सरकलो की मी मोरीत. व्हीआर हेडसेट मोकळेपणाने वापरायचा तर दोन मीटर बाय दोन मीटर रिकामी जमीन मागतो. मुंबईत तेवढ्या जागेत माणसं संसार करतात. भावाने हेडसेट घातला, दुसऱ्याच दिवशी हात वर केला तो थेट फिरत्या पंख्यात. तीन टाके. ही यंत्रं ज्यांच्या हॉलसाठी बनवली ते आपण नव्हे. लोकांनी निकाल दिला म्हणता, पण कुठल्या लोकांनी?

चौथ्या_मजल्याची_बाजू:
जागेचं निघालंच आहे तर जमिनीखाली कोण राहतं तेही विचारा. आमच्या वरचा मुलगा रात्री अकराला हेडसेट लावून बॉक्सिंग करतो. त्याच्या कानात संगीत, आमच्या डोक्यावर धाडधाड. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, जरा डोळा लागला की दचकून उठतात. दोनदा वर जाऊन सांगितलं. "काकू, मी उड्या मारत नाही, फक्त वाकतो." झुंबर काय उगीच हलतं?

दहा_बाय_बारा:
ताई, झुंबर आहे म्हणजे घर मोठंच असणार तुमचं.

चौथ्या_मजल्याची_बाजू:
घर मोठं असलं की झोप लागत नाही का हो? सोसायटीत सकाळी सहाला वरवंटे चालतात, ड्रिल चालतात, ते आम्ही सहन करतोच. त्याला किमान जाड सतरंजी तरी घालता येते ना?

परळ_पाचवा_मजला:
सतरंजीने भागत नाही. व्यायामाला वापरतात त्या जाड रबरी मॅट लागतात. आणि दहानंतर मारामारीचे गेम बंद, हे त्याच्या आईवडिलांसमोर ठरवून घ्या. मी स्वतः रात्री बसून खेळायचेच गेम खेळतो. इथे चूक त्याची आहे, तंत्राची नाही.

घाटात_उलटी:
मला हे सगळं नकोच. मी माळशेज घाटात एसटीच्या खिडकीशी बसणारी बाई. मैत्रिणीच्या घरी रोलर कोस्टरचा डेमो लावला, चौथ्या मिनिटाला बेसिन गाठलं. डोळे सांगतात धावतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो उभी आहेस, आणि भांडण दोघांचं, भोगायचं पोटाने. यावर "सवय होईल" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

परळ_पाचवा_मजला:
तुमचा राग रास्त आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला रोलर कोस्टर दाखवणं हा गुन्हाच आहे. कंट्रोलरवरच्या अंगठ्याने ढकलायच्या काठीने गेममध्ये चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट प्रकट होण्याची सोय असते, तीच आधी लावायची. समोर टेबल फॅन ठेवला तर पुष्कळांना बरं वाटतं.

अंगठेबहाद्दर, आता तुमचं. २०२० चा व्हीआर गेम हाफ-लाइफ: ॲलिक्स खेळलात? तुमच्या गोळीबाराच्या गेममध्ये गोळ्या भरणं म्हणजे एक बटण. तिथे बंदुकीतलं गोळ्यांचं रिकामं मॅगझिन पाडायचं, खांद्यामागे हात नेऊन पाठीवरच्या पिशवीतून नवं काढायचं, बसवायचं, स्लाइड खेचायची. अंधारात समोरून काही येतंय आणि माझ्या हातून मॅगझिन खाली पडलं. वाकून जमीन चाचपडत होतो, खऱ्या फरशीवर, तळहाताला घाम. ती घाबरलेली बोटं कुठलं बटण देणार? टेट्रिसमध्ये तुम्ही स्वतःला विसरलात, इथे मला माझे हात आठवले. बुडण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. तुम्ही एकीलाच खरी म्हणता, म्हणून मी भांडतोय.

किनेक्टबद्दल मात्र तुमचं बरोबर. हात वर केला की पडद्यावरचा हात मागाहून यायचा, आणि पकडायला हातात काही नाही. त्याची बाजू मी घेणार नाही.

अंगठेबहाद्दर:
चला, काहीतरी मान्य केलंत. ॲलिक्स मी खेळलेलो नाही, तेवढे पैसे हेडसेटवर घालणार नाही. पण खोटं बोलणार नाही. स्प्लाटून हा रंग उडवायचा गेम खेळताना नेम धरायला मी जायरोच चालू ठेवतो. कंट्रोलर जरासा तिरका केला की नेम बसतो, काठीने तेवढा बसत नाही. हे मोशन कंट्रोलच झालं, असं तुम्ही म्हणणार. म्हणा.

दहा_बाय_बारा:
म्हणजे जे दोन इंचांत मावतं ते टिकलं. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

अंगठेबहाद्दर:
एक विचारतो, टोमणा नाही. आई अजून खेळतात का?

परळ_पाचवा_मजला:
खेळते. मागच्या वर्षीपासून गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, म्हणून खुर्चीत बसून. हात पूर्ण मागे जात नाही. तुम्ही म्हणालात तसंच, नुसतं मनगट झटकते. स्ट्राइक पडतो.

अंगठेबहाद्दर:
मनगटाचा मुद्दा मागे घेतला. बाकीचे नाही.